हार्वेस्टरचं नाक

गव्हामागे निघालं की दिवस संपतच नाही. चीनमधल्या नानयांगला मे महिन्याच्या शेवटी गहू पिकतो, तो कापून होईतो वरच्या मुलखातला पिकतो, तो उरकला की त्याच्याही वरचा. माणसं ट्रकवर हार्वेस्टर चढवून उत्तरेकडे सरकत राहतात आणि पिकलेला गहू त्यांच्यापुढे सरकत राहतो. सव्वा महिना रोज तेच पिवळं ऊन, तोच वास, बांधावर तीच प्यायला ठेवलेल्या हिरव्या मुगाच्या पाण्याची बादली. मागे घरी लोक मका पेरून मोकळे झालेले असतात आणि इकडे कापणीचा पहिलाच दिवस चाललेला. हार्वेस्टर चालवताना बाओल्यानला वाटायचं, असंच वर वर जात राहिलं तर काहीच संपणार नाही, कुणी म्हातारं होणार नाही. आता याला काय म्हणायचं? पण केबिनमध्ये दिवसदिवस बसून समोर नुसतं पिवळं बघत राहिलं की असलं कुणालाही वाटतं.

तिचा नवरा गेंग देहाई शेजारच्या सीटवर असायचा. जुनी चादर फाडून केलेल्या पट्ट्यानं तिनं त्याला सीटला बांधलेलं. गेल्या हिवाळ्यात डोक्यातली शीर फुटली, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. साऱ्या गावाला हसवणाऱ्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला, ‘बरं’. भूक लागली तरी बरं, नाकावर माशी बसली तरी बरं. डॉक्टर म्हणाले, मान हलवली तरी त्यावर जाऊ नका, असे पेशंट ‘हो’ म्हणायचं तर ‘नाही’ची मान हलवतात नि ‘नाही’ म्हणायचं तर ‘हो’ची. झालं. तेव्हापासून बाओल्याननं त्याला काही विचारणंच सोडलं. सगळं आपणच ठरवायची आणि जीव ओतून करायची. चमच्यानं भरवायची, घास गिळायच्या आत ओठ पुसायची, घाम फुटायच्या आत कपाळावर रुमाल.

त्याला शेतात आणायला पोराचा विरोध होता. जुनमिन झेंगझोऊ शहरात आठव्या मजल्यावर राहायचा. दर दोन दिवसांनी त्याचा फोन.

“आई, बाबांना उन्हात काय भाजून काढतेस? खोली तयार आहे इथे. एसी आहे, टीव्ही आहे.”

“यंत्र चालतंय तोवर राहू दे रे. यंत्र बसलं की आणते तुझ्याकडे. शब्द दिला.”

हे ती बोलत असताना देहाई डाव्या हातानं सीटजवळच्या हत्यारपेटीचा पत्रा वाजवायचा, ठण् ठण् ठण्. “ऐकलंस?” बाओल्यान फोनमध्ये म्हणायची, “कसा खूश झालाय बघ तुझा बाप.”

म्हणजे सगळं त्या यंत्रावर होतं. हार्वेस्टर चालला तर देहाईला गहू, वारा, बांधावरची माणसं. नाही चालला तर आठवा मजला. बाओल्यानला मनातून तो आठवा मजला नको होता. त्या घरात तिनं चार दिवस काढले होते, खिडकीतून दुसऱ्या खिडक्या दिसायच्या. पण यंत्र बसलं तर तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता.

म्हणून ती यंत्राला जपायची. कशी जपायची ते सांगायला हवं, कारण घोळ सगळा तिथेच आहे.

हार्वेस्टर चालतो तो भुस्कटाच्या ढगात. बारीक धूळ, कुसळं, तूस, सगळं भोवती उडत असतं आणि त्यातूनच इंजिनाला श्वास घ्यायचा असतो. म्हणून त्याचं नाक उंच, केबिनच्या वर काढलेल्या नळकांड्यावर. त्यावर टोपी, टोपीवर बाओल्यानचा जुना पायमोजा ताणून बसवलेला. बायकांचे झिरझिरीत पायमोजे याच कामाला बरे, हे तिकडे साऱ्या गाडीवाल्यांना ठाऊक. नळकांडं खाली येतं ते एका डब्यात. त्या डब्यात कागदी घड्यांचा जाडजूड फिल्टर, त्याच्या पोटात आणखी एक लहान. हातीपायी धड असताना देहाई तिला एवढंच म्हणायचा, “नाकाकडे लक्ष ठेव.”

तिनं ठेवलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. पायमोजा झटकायची, रेडिएटरची जाळी झाडायची, इथवर छानच. मग डब्याचा नट सोडायची, फिल्टर बाहेर काढायची, टायरवर आपटायची. आतला छोटाही काढून आपटायची. मग कॉम्प्रेसरची नळी लावून जोरात हवा मारायची. फिल्टर कोंदला की लागणारा लाल दिवा होता समोर, पण दिवा लागेपर्यंत थांबायचं म्हणजे पाहुण्यानं दाखवल्यावर घरातली जळमटं काढायची; तिला ती लाजेची गोष्ट वाटायची.

आणि ती टायरवर फिल्टर आपटायला लागली की वर केबिनमध्ये देहाई पत्रा वाजवायचा. ती आपटायची धप्, तो वाजवायचा ठण्. धप् ठण्, धप् ठण्. तीस वर्षांच्या संसारात दोघांनी एकत्र एवढं गोड काही केलं नव्हतं असं तिला वाटे. तो वाजवतोय तोवर तीही आपटत राहायची, चार ठोके जास्तच.

बरोबरच्या गाडीचा छी ताओ, त्यांच्याच गावचा, लांबून ओरडायचा, “वहिनी, आमच्याही गाडीचं नाक पुसून द्या की.”

“आधी स्वतःचं पूस, शेंबड्या,” ती म्हणायची.

छी ताओ आठवड्यातून एकदा डबा उघडायचा, तोही दिव्यानं डोळा मारला तर. आळशी मेला, असं बाओल्यान म्हणायची. आणि गंमत बघा, आळशाची गाडी घोड्यासारखी धावत होती, आणि हिची गाडी हपे प्रांताच्या हद्दीत शिरताना निळा धूर सोडायला लागली. आधी थोडा, मग चांगला भसाभसा. रोज सकाळी ऑइल कमी भरायचं. चढावर दम लागायचा.  बाओल्याननं काय केलं असेल? आणखी एक वेळ वाढवली. दिवसातून चारदा फिल्टर.

शेवटी छी ताओनंच एक दिवस तिची गाडी रस्त्याकडेच्या मेकॅनिक उस्ताद पेईच्या शेडपुढे उभी करवली. “दाखवा वहिनी एकदा. मला काही ते धुराचं लक्षण ठीक दिसत नाही.” तो शेताकडे गेला. जाण्याआधी देहाईला दोघांनी उतरवून शेडमध्ये एका रिकाम्या ऑइलच्या पिंपाशेजारी खुर्चीवर बसवलं होतं.

उस्ताद पेई साठीचा, पोट सुटलेला, तोंडात सोललेली कच्ची लसूण चघळत असलेला माणूस. त्यानं इंजिन चालू करून धूर हुंगला, ऑइल दोन बोटांत चोळलं, आणि म्हणाला, “धूळ खाल्लीय यानं.”

“शक्यच नाही,” बाओल्यान म्हणाली. “उस्ताद, मी दिवसातून चारदा काढून साफ करते.”

“चारदा?”

“चारदा.”

त्यानं लसूण थुंकली. मोठा फिल्टर काढला आणि शेडचं शटर खाली ओढलं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत एकदम गारेगार काळोख. उस्तादनं वायरला लावलेला एक बल्ब पेटवून फिल्टरच्या पोटात सोडला. “बघा.”

बाओल्याननं पाहिलं. कागदाच्या घड्यांतून मंद पिवळा उजेड झिरपत होता आणि त्या उजेडात ठिकठिकाणी सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके लखलखत होते. दहा, वीस, मोजता येईनात. उस्तादनं फिल्टर हळू फिरवला तसे ते ठिपके भिंतीवरून, तिच्या हातावरून, देहाईच्या कपाळावरून सरकत गेले. क्षणभर तिला ते इतकं सुंदर वाटलं की आपण कशासाठी आलोय तेच ती विसरली. असंच बसून राहावं, शटर उघडूच नये, असं वाटलं.

“ही भोकं,” उस्ताद म्हणाला. “तुम्ही पाडलेली. आपटून आणि हवा मारून. शिवाय दर वेळी डबा उघडला की कडेची धूळ आत पडते ती वेगळी. तो आतला छोटा तर हातच लावायचा नसतो. बाई, या इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा घासल्यात त्या तुमच्या मायेनं.”

“घाण दिसली की मला राहवत नाही हो.”

“फिल्टरवर थोडी धूळ बसली की तो उलट जास्त चांगला गाळतो. बाहेरचं रोज पुसा, कोण नको म्हणतंय? पोटातलं दिवा लागेपर्यंत काढायचं नाही. आणि हे असं आपटायचं…” त्यानं शटर वर केलं, दाखवायला म्हणून फिल्टर उचलून भिंतीकडेच्या टायरवर धरला.

ठण्.

देहाईनं डाव्या हातानं पिंप वाजवलं होतं.

उस्तादचा हात थांबला. “बघा, हे नको म्हणतायत.”

“छे, ते साथ देतात मला,” बाओल्यान म्हणाली. “रोजच.”

उस्तादनं तिच्याकडे पाहिलं, मग देहाईकडे. फिल्टर पुन्हा उचलला. ठण्. खाली घेतला. पिंप गप्प. उचलला. ठण्. खाली घेतला. देहाई टक लावून त्याच्या हाताकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती.

“बरं,” देहाई म्हणाला.

 नानयांगपासून इथवरचा एकेक ठोका बाओल्यानला ऐकू यायला लागला. टायरजवळचे ठोके. चमचा तोंडाशी नेला की होणारे ठोके. रुमाल काढला की होणारे. आणि ते फोनवरचे. चोवीस दिवस माणूस थांब थांब म्हणून हात दुखेस्तोवर पत्रा बडवत होता आणि ती त्यावर ताल धरत होती. ती रडली, चांगली मोठ्यानं, उस्तादच्या देखत. तिला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

उस्तादनं नवे फिल्टर बसवले, ऑइल बदललं. “हा हंगाम निघेल बहुतेक. हिवाळ्यात इंजिन उतरवावं लागेल. आता हात बांधून बसा.”

हात बांधून बसणं काय असतं ते बाओल्यानला पुढच्या शेतात कळलं. दुपारी गाडी थांबली. तिनं पायमोजा झटकला, जाळी झाडली आणि डब्यासमोर येऊन उभी राहिली. बोटं शिवशिवत होती. नटाला नुसतं बोट लावलं तर काय बिघडेल, असं वाटलं. वर पत्रा वाजला नाही. पण देहाई काचेतून बघत होता. ती मागे फिरली.

शेतमालकिणीनं नूडल्स आणि काकडी आणली होती. बाओल्याननं वाडगा घेतला, चमचा भरला, त्याच्या तोंडाशी नेला. ठण्. हात जागच्या जागी थांबला. तिनं चमचा वाडग्यात ठेवला आणि वाडगा त्याच्या मांडीवर. देहाईनं डाव्या हातानं चमचा पकडला. निम्म्या नूडल्स शर्टावर, थोड्या सीटवर, थोड्या तोंडात. रस हनुवटीवरून ओघळत होता. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. खाणं संपायला पाऊण तास लागला. मालकीण दोनदा येऊन घड्याळ बघून गेली, आणि छी ताओनं लांबून विचारलं, “वहिनी, गाडी परत बिघडली का?”

“नाही,” ती म्हणाली. “मालक जेवतोय.”

निळा धूर कमी झाला नाही, पण वाढलाही नाही. ते वर सरकत राहिले. ऑइल टाकायचं, पायमोजा झटकायचा, दिव्याकडे बघायचं. एकदा गव्हातून जाताना तिनं सहज विचारलं, “म्हाताऱ्या, काच खाली करू?” आणि थांबली. बराच वेळ काही झालं नाही. पत्रा वाजला नाही म्हणून तिनं काच खाली केली. गरम वारा आत आला, त्याबरोबर तूस आलं, त्याच्या पांढऱ्या केसांत बसलं. तिनं ते झटकलं नाही. डोळे मिटून तो वारा खात बसला होता आणि समोर गहू पार क्षितिजापर्यंत हलत होता.

सहाव्या दिवशी लाल दिवा लागला.

तिनं गाडी बांधाला लावली, देहाईचा पट्टा सोडला, छी ताओला बोलावून नवऱ्याला खाली उतरवलं आणि डब्यासमोर खुर्चीवर बसवलं. “वहिनी, द्या मी उघडतो पटकन,” छी ताओ म्हणाला. तिनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. देहाईनं डाव्या हातानं नट धरला. एक आटा, मग दम घेतला, मग दुसरा आटा. नट दोनदा मातीत पडला, तिनं दोनदा उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला. फिल्टर बाहेर आला तेव्हा त्यानं तो आपटला नाही. तिनं धरलेली हवेची नळी त्यानं फिल्टरच्या पोटात घातली आणि आतून बाहेर, हळूहळू, गरम चहा फुंकावा तशी हवा सोडली. धूळ सरळ वर गेली आणि उन्हात बराच वेळ तरंगत राहिली. आतल्या छोट्याला त्यानं हात लावला नाही.

शेवटचं शेत यानशानच्या डोंगरांच्या पायथ्याशी होतं. त्यापुढे त्यांच्या गाडीसाठी गहू नव्हता. शेवटचा पट्टा कापून बाओल्याननं इंजिन बंद केलं आणि इतक्या दिवसांनी इतकं शांत झालं की तिचे कान दुखले. तेवढ्यात फोन वाजला. जुनमिन.

“आई, झालं ना सगळं? इंजिन गेलंय म्हणे, छी ताओदादा सांगत होता. आता शब्द दिलायस. शनिवारी गाडी घेऊन येतो बाबांना न्यायला.”

बाओल्यानच्या तोंडात ‘ये’ आलेलंच होतं. तिनं ते गिळलं.

“थांब,” ती म्हणाली. “विचारते.”

“कुणाला?”

तिनं फोन दोघांच्या मध्ये, सीटवर ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. “म्हाताऱ्या, पोरगा न्यायला येतोय. आठव्या मजल्यावर. जायचंय तुला?”

देहाईनं तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला आणि पत्रा वाजवला. एकदाच, पण असा की बांधावरची मालकीण वळून बघायला लागली.

“आई? तो कसला आवाज? बाबा खूश झाले ना?”

“नाही रे,” बाओल्यान म्हणाली. “बाबा नाही म्हणतायत.”