नसलेले खड्डे

दोन सीटांच्या सायकलवर एकच कायदा चालतो. पुढे बसलेल्याने रस्ता बघायचा आणि ओरडून सांगायचा, मागे बसलेल्याने ऐकायचं आणि पाय मारायचे. मागच्याला समोर दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पुढून "खड्डा!" अशी आरोळी आली की मागच्याने पेडलवर उभं राहून बूड सीटवरून उचलायचं. कुठे, केवढा, कसला, असल्या चौकशा करायच्या नाहीत. चौकशी होईपर्यंत दणका बसलेला असतो.

वन्संना हा कायदा फार पसंत होता, कारण त्या कायम पुढे असत. वन्सं ही खरं तर त्यांच्या भावजयीची हाक, पण ती हळूहळू सगळ्या गल्लीने उचलली आणि पुढे बसडेपोतले मेकॅनिकसुद्धा त्यांना वन्संच म्हणू लागले. जन्मभर त्यांनी डोंगरातल्या वळणांवरून बस चालवली. एखाद्या उतारूने पुढे येऊन "जरा सावकाश घ्या हो" म्हटलं तर आरशातून अशा बघायच्या, की तो बिचारा आपल्या जागेवर जाऊन पिशवी मांडीवर घेऊन बसे.

सायकल त्यांनी घेतली ती धाकट्या भावाबरोबर फिरायला. धाकटा असला तरी त्याला सगळे दादाच म्हणत. दादा मागे बसला, पण पहिल्याच चढावर वन्संच्या लक्षात आलं की हा पठ्ठ्या पाय नुसते फिरवतोय, जोर लावायचं नाव नाही. वर निवांत शीळ घालत होता. वन्संनी त्याला तिथेच उतरवला आणि लग्न होऊन नुकती आलेली त्याची बायको मागे बसवली. दादाची बायको म्हणून ती सगळ्यांची वहिनी, आणि पेशाने शिंपीण. शिलाई मशीन चालवून तिच्या पायांत असा काही दम होता की चढ संपला तेव्हा वन्संनाच धाप लागली. तेव्हापासून दर वर्षी या दोघी डोंगरातली ही वाट करत. दरीतून निघायचं, लांबलचक चढ चढायचा, वरचा ओसाड माळ ओलांडायचा आणि पलीकडच्या वळणावळणाच्या उतारावरून खालच्या गावात मुक्कामाला पोचायचं. दादा घरी खूश.

या वर्षी मात्र वन्संच्या पोटात एक गोष्ट होती. डोळ्यांच्या डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं की नजरेच्या मधोमध डाग पडलाय आणि तो वाढत जाणार. कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल.

"गाडी बंद," डॉक्टर म्हणाला. "सायकलसुद्धा."

वन्संनी समजूतदारपणे मान डोलावली, घरी आल्या आणि सायकलच्या चेनला तेल घातलं. कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. हँडल हातातून गेलं तर आपण कोण उरणार, हा प्रश्न त्यांना डागापेक्षा जास्त भिववत होता. कुणाच्या तरी मागे बसून सांगतील तेवढे पाय मारणारी म्हातारी? छे! आणि या वाटेला डोळे हवेतच कशाला? वाट तोंडपाठ होती. कुठल्या वळणानंतर कुठला खड्डा, कुठे कडेला मुरूम सुटलाय, कुठे ओढ्याचं पाणी रस्त्यावर येतं, सगळं त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं. कडा दिसत होत्या. मधलं आठवणीतून भरून काढायचं, एवढाच काय तो फरक.

सकाळी निघाल्या तेव्हा हवा लख्ख होती. दरीतली शेवटची घरं मागे पडली आणि चढ सुरू झाला.

"खड्डा!" वन्सं गरजल्या आणि हँडल डावीकडे घेतलं.

मागे सीट करकरली. वहिनी उठली होती. दणका बसला नाही.

"काय चुकवला की नाही?" वन्सं म्हणाल्या.

"चुकवलात हो," मागून आवाज आला.

पुढे मोठ्या दगडाशी दोन खड्डे जोडून होते. वन्संनी तेही सफाईने चुकवले. मग पुलाच्या अलीकडचा, मग वाकड्या झाडाखालचा. एकही लागला नाही. वन्संना स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. चांगली नजर होती तेव्हासुद्धा इतकी साफ सायकल कधी हाणली नव्हती. चाकंही कशी लोण्यातून गेल्यासारखी जात होती.

"नवे टायर टाकले ना, त्याचा गुण आहे हा," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून नेईन तुला माळावर!"

वहिनी एरवी अशा बढाईवर काहीतरी खोचक बोलल्याशिवाय राहत नसे. आज ती नुसतं "हं" म्हणाली. दमली असेल, असं वन्संना वाटलं.

माळावर पोचल्या तेव्हा वारा भन्नाट सुटला होता. नजर जाईल तिथवर खुरटी तपकिरी झुडपं, मधूनच पाणथळ जागेची चमक, माणूसकाणूस नाही. एवढी मोकळी जागा बघितली की वन्संना दर वेळी गावंसं वाटे आणि दर वेळी वहिनी त्यांना गाऊ नका म्हणून विनवी. आज त्या खुशाल गायल्या. गाण्याच्या मधे मधे "खड्डा!" अशी आरोळी ठोकत, हँडल डौलाने वळवत, त्यांनी अख्खा माळ पार केला. आता उताराची सुरुवात आली. सायकल आपसूक वेग घेऊ लागली.

"ब्रेक!"

आवाज मागून आला होता. इतक्या वर्षांत मागच्या सीटने कधी हुकूम सोडला नव्हता. वन्संच्या हातांनी विचार केला नाही, त्यांनी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. चाकं फरफटली, मागचं चाक उजवीकडे सरकलं आणि सायकल थांबली.

वन्संनी मान जराशी वळवली, तेव्हा नजरेच्या कडेला ती आली. एक मेंढी. रस्त्याच्या बरोबर मधोमध बसून रवंथ करत होती. पुढचं चाक आणि तिचं नाक यांत वीतभर अंतर असेल. तिने दोघींकडे तुच्छतेने बघितलं, सावकाश उठली आणि झुडपात निघून गेली.

 वन्सं उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला बसल्या. हात खाली टेकला तर तळव्याला गुळगुळीत, अभंग डांबर लागलं. त्यांनी हात पुढे फिरवला, मागे फिरवला.

"रस्ता नवा केलाय, वन्सं," वहिनी हळूच म्हणाली. "खालपासून इथवर."

"म्हणजे खड्डे?"

"एकही नव्हता."

वन्संच्या कानांत आपल्याच सगळ्या आरोळ्या परत घुमल्या आणि त्यांचा चेहरा गरम झाला. "मग तू प्रत्येक वेळी उठत कशाला होतीस?"

"तुम्ही ओरडलात, मी उठले."

"अगं, पण एवढा चढ! पाय नाही दुखले?"

"दुखतायत की! मोडून पडायची वेळ आलीय."

वन्संना हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मग त्यांनी डॉक्टरचं सगळं सांगून टाकलं. 

"पहिल्या खड्ड्यालाच कळलं होतं मला," वहिनी म्हणाली. "तेव्हापासून मान वाकडी करून तुमच्या खांद्यावरून बघतेय. मानही गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"चढावर पडून कितीसं लागणार? उताराआधी बोलणारच होते. तुमचं गाणं संपायची वाट बघत होते, ते काही संपेना."

खाली रस्ता वळणं घेत दरीत उतरत होता. वन्संना त्याची फक्त सुरुवात दिसत होती आणि शेवट. मधे धुरकट डाग. बसमध्ये त्यांच्यामागे भरून माणसं असायची आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी कधी ओरखडा उठू दिला नव्हता. आज मागे एकच माणूस होतं आणि तेही आपलं. त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून पाना काढला.

"काय करताय?" वहिनीने विचारलं.

"पुढची सीट खाली घेतेय. तुझे पाय कुठे पोचणार तिथे? आणि नीट ऐक. उतारावर ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. आणि ओरडायचं! तुझ्या तोंडातून पुटपुटल्यासारखा आवाज येतो, तो चालणार नाही."

"मेंढीच्या वेळी कसा होता आवाज?"

 वन्संनी बोल्ट जरा जास्तच आवळला.

मागच्या सीटवर बसल्यावर समोर वहिनीची पाठ आली. तीही अर्धी डागात. वन्संना वाटलं, इथून बघण्यासारखं तसंही काही नाही, तर डागाचं दुःख तरी कशाला करा! सायकल सुटली. वहिनी पहिल्या वळणाला बिचकत गेली, दुसऱ्याला बरी गेली. तिसऱ्याला तर वन्संनी मनातल्या मनात शाबासकीसुद्धा दिली.

"खड्डा!" वहिनी ओरडली.

वन्सं ढिम्म बसून राहिल्या. नव्या रस्त्यावर कसला खड्डा? सकाळचा सूड उगवतेय बया, त्यांनी मनाशी म्हटलं.

पण नवा रस्ता माळाच्या टोकालाच संपला होता. असा काही दणका बसला की वन्संचे दात दातांवर आपटले आणि टोपी डोळ्यांवर आली.

"ओरडले होते मी!" पुढून आवाज आला.

"ऐकलं!"

"मग?"

वन्संनी टोपी सारखी केली नाही. वारा सुसाट होता, वेग वाढत होता, आणि हँडल हातात नसताना जोर कुठे लावायचा हे त्यांच्या पायांना आपोआप समजू लागलं होतं. दादासारखे नुसते फिरवायचे नाहीत, एवढं तर नक्की होतं.

"खड्डा!" वहिनीने आरोळी ठोकली. या वेळी आवाज चांगला खणखणीत होता.

वन्सं उठल्या. खड्डा होता की नव्हता, ते त्यांना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.