पाचपेक्षा कमी

हेमचंद्र कुलकर्ण्यांचा आपल्या व्याह्यांवर राग होता तो बिस्किटांच्या डब्यावरून.

दर बुधवारी इशानीची शाळा दुपारी सुटायची आणि हेमचंद्र नातीला घेऊन त्या व्याह्याकडे, विलेमकडे, कॉफीला जायचे. विलेम डबा उघडायचा, एकेकापुढे धरायचा, प्रत्येकाने एक बिस्किट उचललं की टप्पकन झाकण लावून डबा परत कपाटात. झालं पाहुणचाराचं!

"अगं, कोथरूडला आपल्याकडे साधा गॅसवाला आला तरी चहाबरोबर चार शंकरपाळे पुढे करतो आपण," ते घरी येऊन लेकीला, जुईला, ऐकवायचे. "इथे सख्खा व्याही, आणि एक बिस्किट!"

"बाबा, इथली पद्धतच आहे ती. कंजूषपणा नाही."

"असेल बापडी पद्धत. पोट कुठे पद्धत ओळखतं?"

एरवी जुई हसली असती. पण रुबेन गेल्यापासून तिचं हसणं ओठांपर्यंत येऊन परत फिरायचं. तिचा नवरा, विलेमचा एकुलता एक मुलगा, मागल्या पानगळीत कॅन्सरने गेला. बेचाळिसाव्या वर्षी. हेमचंद्रांची बायको तर आधीच गेलेली, तेव्हा ते घराला कुलूप लावून तीन महिन्यांच्या व्हिसावर हॉलंडमध्ये, हार्लेमला आले. लेकीला आधार द्यायला म्हणून आले खरे, पण त्यांना ना डच येत होतं ना सायकल. सकाळी इशानीचा डबा भरायचा आणि बुधवारी व्याह्याकडे जायचं, एवढाच काय तो त्यांचा उपयोग.

विलेम ऐंशी ओलांडलेला. जन्मभर रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन चालवली, बायको वारल्यावर मुलाजवळ राहावं म्हणून हार्लेमला आला. उंच, हाडकुळा आणि मोजकं बोलणारा. हेमचंद्र त्याला 'व्याहीबुवा' म्हणायचे. त्याचा अर्थ कळल्यावर तोही त्यांना 'फियाही' म्हणायला लागला होता. इशानी त्याला 'ओपा', म्हणजे डचमध्ये आजोबा, म्हणायची. दोघांचंही इंग्रजी कामापुरतं, पण म्हाताऱ्यांना तसं काम तरी किती असतं?

त्या बुधवारी पाऊस लागला होता म्हणून ते उशिरापर्यंत थांबले. इशानी दिवाणावर टॅब्लेट घेऊन लोळत होती. कॉफी संपली, बिस्किटाचा तर प्रश्नच नव्हता, तेव्हा वेळ घालवायला हेमचंद्रांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट दाखवलं. डाव्या कोपऱ्यात स्कॉटलंड, खाली हॉलंड, आणि मध्ये निळाशार समुद्र. नकाशावर एखाददुसरी टाचणी, बाकी सगळी टाचण्या काढल्याची भोकं.

"हे काय हो?"

"किनलारी," विलेम म्हणाला. "माझं आडनाव."

हेमचंद्रांना आजवर वाटत होतं, व्याह्याचं आडनाव डचच असणार. नऊ-दहा वर्षांची सोयरीक, पण विचारायचं कधी सुचलंच नव्हतं. आणि मोजकं बोलणारा तो माणूस त्या दिवशी भडाभडा बोलायला लागला.

किनलारी ही स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळची एक वाडी. चार शेतं, एक ओढा. तिथून जो बाहेर पडला तो किनलारी.

"म्हणजे किनलारीकर!" हेमचंद्र खूश होऊन म्हणाले. "आमच्याकडे अगदी अस्संच असतं."

तर त्या वाडीतला एक रॉबर्ट दोन-अडीचशे वर्षांपूर्वी डचांच्या पगारी पलटणीत शिपाई म्हणून आला. इथल्या झीलंड प्रांतातल्या एका कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं आणि राहिला. मागे वाडीत उरलेल्यांना मुली झाल्या, काही आजाराने गेले, काही बोटीत बसून कॅनडाला जाताना वाटेतच संपले. मूळ गावातून आडनाव पुसलं गेलं आणि या परमुलखात मात्र फोफावलं. महायुद्ध संपल्यावरच्या शिरगणतीत हॉलंडमध्ये त्रेचाळीस किनलारी होते. मग त्रेपन्न सालचा महापूर आला. झीलंडमधलं एक अख्खं घर एका पहाटे पाण्यात गेलं. राहिलेले रॉटरडॅमला आले. कुणाला मुलं झाली नाहीत, कुणाला मुलीच झाल्या. एकेक घर संपलं की विलेम त्याची टाचणी उपटायचा.

"रुबेनला घेऊन गेलो होतो मी एकदा त्या वाडीत," विलेम म्हणाला. "तो पंधरा वर्षांचा होता. मेंढ्या होत्या नुसत्या. शेतकऱ्याला आम्ही आमचं नाव सांगितलं तर म्हणाला, हे तर माझ्या कुरणाचं नाव."

एवढं बोलून त्याने लॅपटॉप उघडला. तिथे एक साइट होती. कुठलंही आडनाव घाला, देशात कुठे किती माणसं आहेत ते नकाशात रंगवून दाखवायची, दर वर्षी नवे आकडे. त्याने किनलारी घातलं. नकाशा कोराच. खाली एक ओळ आली.

"पाचपेक्षा कमी," विलेमने वाचून दाखवलं. "पाचाच्या खाली गेलं की आकडा सांगत नाहीत. कोण ते ओळखू येईल म्हणून."

"मग आहेत तरी किती?"

"मी."

हेमचंद्र खुर्ची ओढून लॅपटॉपजवळ सरकले.

"रुबेन होता तेव्हा आम्ही दोघं होतो. तेव्हाही इथे हेच लिहिलेलं असायचं. या वर्षी पाहिलं, अक्षर बदललेलं नाही." विलेमने चष्मा काढून पुसला. "या नकाशावर रुबेन गेलेलाच नाही, फियाही. म्हणून मी रोज बघतो." मग जरा थांबून त्याने विचारलं, "आणि तुमचे कुलकर्णी किती?"

आता काय सांगायचं, कपाळ! पुण्यात कुठल्याही जिन्यात उभं राहून 'कुलकर्णी' म्हणून हाक मारा, तीन दारं उघडतात. हेमचंद्रांच्या एकट्या सोसायटीत सहा कुलकर्णी, आणि एकाचं दुसऱ्याशी नातं नाही. ते आडनाव मुळात घराण्याचं नव्हेच, ते गावच्या हिशेबनिसाचं काम. जितकी गावं तितके कुलकर्णी.

"आहेत थोडे," ते म्हणाले आणि टोपी शोधायला लागले.

घरी येईपर्यंत त्यांना सगळं आठवत गेलं. जुईला सातवा महिना होता तेव्हा ते आणि बायको इथेच आले होते, आणि एका रात्री वरणभात कालवता कालवता त्यांना रडू फुटलं होतं. "दोन्ही मुलीच झाल्या. कुलकर्ण्यांचं नाव माझ्याबरोबर बुडालं," असं म्हणून ते चांगले हुंदके देऊन रडले होते. रुबेनने जुईला विचारलं, बाबा काय म्हणतायत? तिने सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ती दोघं सायकलवर टांग मारून नगरपालिकेत, म्हणजे इथल्या गेमेंटेत, गेली आणि बाळाला आईचं आडनाव लावायचं असं नोंदवून आली. इशानी कुलकर्णी! हेमचंद्रांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. जावई असावा तर असा, म्हणून मिरवले होते.

लाखोंनी असलेल्या नावासाठी रडलो आपण, आणि त्या पोराने दोघांत उरलेलं नाव सोडून दिलं. एका अक्षराने बोलला नाही.

जेवणं झाल्यावर इशानी वर गेली तेव्हा त्यांनी विषय काढलाच. "जुई, पोरीच्या नावातून कुलकर्णी काढ. किनलारी लाव. व्याही आता थकलेत, त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे."

जुईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "तुम्ही सांगताय हे? तुम्ही?"

"तेव्हा मला काय ठाऊक होतं, गं!"

"रुबेनला ठाऊक होतं." तिचा आवाज चढला. "ते नाव तुमचं असेल बाबा, पण तिला दिलंय त्याने. तिच्या वहीवर कुलकर्णी वाचलं की मला तुम्ही नाही आठवत. तो आठवतो, सायकलवरून मागे वळून हसणारा. ते पुसू मी? काय राहिलंय दुसरं माझ्याकडे?"

"बरं, मग दोन्ही लाव. हे नको काढू, ते जोड."

जुई खुर्चीवर बसली. आवाज एकदम खाली आला.

"दोन्हीची सोय झाली होती. कायदा बदलला तेव्हा आधी जन्मलेल्या मुलांसाठी एक वर्ष दिलं होतं. आईबापांनी मिळून जायचं, एवढंच. रुबेन म्हणाला, चल, जाऊन येऊ, पप्पांना बरं वाटेल. मी म्हटलं, हा केमो संपू दे. मग म्हटलं, डोक्यावर केस येऊ देत, छान फोटो काढू. मला भीती वाटत होती, बाबा. आत्ता गेलो तर निरवानिरव केल्यासारखं होईल असं वाटत होतं. म्हणून मी टाळत राहिले." ती हातातल्या रिकाम्या भांड्यात बघत होती. "तो गेल्यावर एकटी गेले मी तिथे. खिडकीवरची बाई फार चांगली होती. पाणी दिलं तिने मला. पण म्हणाली, दोघांनी मिळून म्हणजे दोघांनी. दुसरी वाट आहे, अर्जविनंत्यांची, पण लांबची, आणि भरवसा नाही."

हेमचंद्रांना लेकीला जवळ घ्यायचं होतं. सवय नव्हती. त्यांनी तिच्या हातातून ते भांडं घेतलं आणि नुसतेच नळाखाली धरून उभे राहिले.

पुढच्या बुधवारी इशानी मैत्रिणीकडे गेली होती. ते एकटेच विलेमकडे गेले. वाटभर इंग्रजी वाक्यं जुळवली होती, पण दारातच सगळी विसरली.

"व्याहीबुवा, मी चुकलो," ते बसायच्या आधीच म्हणाले. "तुमचं नाव माझ्यामुळे गेलं. मी रडलो म्हणून गेलं. मला माफ करा."

विलेमने त्यांना बसवलं. कॉफी ओतली. डबा उघडून पुढे धरला.

"तू रडलास हे रुबेनने मला सांगितलं होतं," तो समोर बसत म्हणाला. "समजेल मला, असं वाटलं असेल त्याला. मी चिडलो. म्हटलं, सासऱ्याचं रडणं तुला दिसतं, बापाचं दिसत नाही? मी इथे रडत नाही बसलो म्हणून? त्याने समजावलं, खूप समजावलं. मी फोन घेणं बंद केलं. इशानी जन्मली, मी गेलो नाही. दोन वर्षं गेलो नाही. याच गावात, सायकलवर दहा मिनिटांवर राहून."

हेमचंद्रांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यांच्या कोथरूडच्या भिंतीवर होते. त्यात विलेम कुठेच नव्हता. तेव्हा बायकोने विचारलंही होतं, व्याही कसे दिसत नाहीत? आणि हे महाशय म्हणाले होते, अगं, गोऱ्यांना कसलं आलंय नातवंडांचं!

"मग एक दिवस तोच आला पोरीला घेऊन, आणि सगळं मिटलं. पण नंतर हातात वर्षं अशी किती राहिली?" विलेम नकाशाकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता. "नाव राहू दे, फियाही. नावं जातातच, मी ती भोकं मोजत आयुष्य काढलंय. मला ती दोन वर्षं परत हवी आहेत. आहेत तुझ्याकडे?"

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता. हेमचंद्रांनी नकारार्थी मान हलवली. डबा टेबलावर उघडाच पडला होता, झाकण लावायचं विलेमच्या ध्यानात राहिलं नव्हतं. हेमचंद्रांनी दुसरं बिस्किट घेतलं नाही.

व्हिसा संपला, ते पुण्याला परतले. जानेवारीत जुईचा फोन आला. विलेम झोपेतच गेला होता. इतक्या घाईत तिकीट मिळालं नाही, अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला. नंतर जुईने शोकपत्रिकेचा फोटो पाठवला. तिकडे पत्रिकेत मेलेल्या माणसाचं नाव मोठं छापतात आणि खाली घरच्यांची नावं. वर विलेम किनलारी. खाली जुई कुलकर्णी, इशानी कुलकर्णी, आणि पोरीने आईला सांगून घालायला लावलेलं, पुण्याचे हेमचंद्र कुलकर्णी. हेमचंद्रांनी ती पत्रिका सोसायटीत कुणालाही दाखवली नाही.

एप्रिलमध्ये ते पुन्हा हार्लेमला गेले. पहिला बुधवार आला. इशानी शाळेतून आली, दप्तर टाकलं, दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कुठे जायचं नव्हतं.

"इशू, ओपाची ती साइट उघडतेस का गं? त्यांचं नाव घाल."

नकाशा आला. या वर्षीचा, नवा. कोराच. हेमचंद्रांनी चष्मा वर केला आणि खालची ओळ शोधली. ते शब्द तर आता त्यांना डचमध्येही ओळखू येत होते.

"पाचपेक्षा कमी!" ते केवढ्यांदा तरी म्हणाले. "आहेत, बघ! अगं, आहे कोणीतरी! ओपाला ठाऊक नसणार, कुठेतरी एखादा असेल राहिलेला, दोघं असतील. आईला हाक मार. मार ना!"

इशानीने हाक मारली नाही. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर ती नेहमी इंग्रजीत द्यायची. त्या दिवशी आजोबांच्या तोंडाकडे बघून तिने एकेक शब्द जुळवला.

"आबा, झीरोपण पाचपेक्षा कमी असतो."

हेमचंद्र तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हो गं बाळा," ते म्हणाले. "असतो."