धोकासाहेबांची काचपट्टी

चौतीस वर्षं नगरपालिकेत पडायला आलेल्या इमारतींवर 'धोका' अशा पाट्या लावल्यावर माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? धोकासाहेबच म्हणणार. समोर नुसतं 'साहेब', पाठ वळली की 'धोका', आणि पुढे पुढे दोन्ही एकदम. त्यांनाही ते नाव मनातून आवडायचं. एकदा एक तीन मजली घर त्यांनी सगळ्या बिऱ्हाडांशी भांडभांड भांडून रिकामं करवलं आणि तिसऱ्या दिवशी ते भुईसपाट झालं. आत मांजरसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून साहेबांनी 'हलतंय' म्हटलं की हलतंय, 'धड आहे' म्हटलं की धड आहे. ऑफिसात कोणी उलटून विचारलं नाही. घरात तर नाहीच नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र पेन्शन महिन्याच्या वीस तारखेला धापा टाकायला लागली. मग साहेबांनी शोधून काढलं की दूरदेशी एका लहानशा गावात तेवढ्याच पैशांत दोन माणसं आरामात राहतात. झालं! आठ महिने फोन कानाला लावून ते तिथली भाषा शिकले. घरभर फिरत कपाटाला विचारायचे, "हे टोमॅटो ताजे आहेत का?"

बायको म्हणाली, "मला नाही यायचं म्हातारपणी मुकं व्हायला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती बाई. बोलणं हाच तिचा धंदा.

"अगं, आधी नुसतं बघून येऊ," साहेब म्हणाले. "तीन आठवडे. खोल्या भाड्याने घेऊ, स्वयंपाक करू, बाजार करू, दवाखाना किती लांब आहे ते पायाने मोजू. नाही पटलं तर परत."

"आणि परत हा विषय काढायचा नाही."

"नाही काढणार. बस?"

असे ते दोघं त्या गावी आले. चढाच्या गल्लीत दुमजली घर. खाली एका विधुर न्हाव्याचं दुकान, दुकानामागच्या खोलीत त्याचा पलंग, आणि वर दोन खोल्या भाड्याच्या. घर त्याचंच. तिथेच राहायचं ठरलं तर याच खोल्या कायमच्या देतो, असं त्याने सांगितलं होतं.

साहेबांनी बूट काढायच्या आधी भिंती ठोकल्या. पलंगाच्या खोलीत खिडकीवरून एक तडा तिरका खाली उतरला होता, थेट दुकानापर्यंत. त्यांनी नख फिरवलं. कडा गुळगुळीत, आत जुना रंग. मेलेला तडा, घर बांधलं तेव्हाचाच असणार. तरी सवय ती सवय. बॅगेतून त्यांनी बोटभर लांबीची पातळ काच काढली आणि तड्यावर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टर लावून चिकटवली. भिंत केसाएवढी जरी सरकली तरी अशी काच तडकन मोडते. तिला खोटं बोलता येत नाही. न्हावी वर येऊन टोपी हातात धरून बघत राहिला, आणि बायकोने हातवारे करून त्याला समजावलं, "मोडली, तर पळा. नाही मोडली, तर झोपा." तो मोठ्याने हसला. साहेबांनी त्या हसण्याची वहीत नोंद केली नाही. बाकी सगळ्याची केली: पाण्याचा जोर, जिन्याच्या पायऱ्या, बसची वेळ, दवाखान्याची पावलं.

पहिले तीन दिवस साहेब पुढे आणि बायको मागे. बाजारात त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. भाजीवाली जे घडाघडा बोलली त्यातलं एक अक्षर पाठात नव्हतं. साहेब तोंड उघडं ठेवून उभे. बायकोने एक टोमॅटो दाबून पाहिला, नाक मुरडलं, दुसरा उचलला, तिच्यासारखाच सूर काढून काहीतरी बोलली, आणि भाजीवालीने वर दोन लिंबं घातली.

"काय बोललीस तिला?"

"ती बोलली तेच परत म्हटलं," बायको म्हणाली. "मला काय माहीत!"

आता यात रागावण्यासारखं काय होतं? काही नाही. पण मत्सराला कारण लागतं कुठे, त्याला नुसती फट पुरते. आठ महिने घोकंपट्टी केली साहेबांनी, आणि ही बया आठ दिवसांत कानाने भाषा उचलते! दुसऱ्या आठवड्यात गल्लीतली माणसं तिला हाक मारायला लागली. साहेब एकटे दिसले की विचारायची, 'ती कुठे आहे?' एवढं त्यांना समजत होतं.

आणि मग तो फोन. दुकानात न्हाव्याचे हात फेसाने भरलेले असताना फोन वाजला. बाई तिथे बाकावर बसली होती, सवयीने उचलला. पलीकडच्याचं नाव ऐकलं, वेळ ऐकली, गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायच्या पाटीवर खुणा केल्या. त्या दिवसापासून सकाळचा फोन तिचाच. तोडकंमोडकं बोलायची, चुकायची, चुकली की दुकानातली गिऱ्हाईकं ओरडून सुधारायची, आणि सगळे मिळून हसायचे.

साहेब वर बसून ऐकायचे. जमिनीतून तिचा आवाज वर यायचा. तोच जुना, एक्स्चेंजमधला. लग्नाआधी साहेबांनी तिचा चेहरा पाहिला नव्हता, आवाज ऐकला होता. "कोणता नंबर हवाय?" एवढ्या तीन शब्दांसाठी ते ऑफिसातून नको तिथे फोन लावायचे. तो आवाज घरात कधी बंद झाला, त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि आता तो आला तर कोणासाठी? एका न्हाव्यासाठी! वर ती त्याला म्हणायची 'दादा'. दादा कसला डोंबलाचा! साहेबांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एके दिवशी ते स्वतः दाढीला खाली गेले. बघूया तरी. न्हाव्याने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला आणि दुकान फुटलं हसण्याने. बायकोने तर पदर डोळ्यांना लावला.

"काय म्हणाला?" साहेबांनी फेसातून विचारलं.

"अहो, सांगून मजा नाही येणार."

बस. ते वाक्य साहेबांच्या काळजात रुतलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत अशी एकही गोष्ट नव्हती जी ती त्यांना सांगू शकत नव्हती. निदान त्यांचा तसा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता बायको म्हणाली, "अहो, माझं ठरलं. राहूया इथेच. याच घरात. दादाला आज होकार देऊन टाका."

म्हणजे बघा, ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते आयतं पदरात पडलं. माणसाने उडी मारायला हवी की नाही? साहेबांना चहा कडू लागला. तिला ते गाव आवडलं होतं, पण त्यांच्याबरोबर नाही, त्यांना वगळून आवडलं होतं. आयुष्यभर याच जिन्याने ती खाली जाणार, खाली हसणार, आणि आपण वर बसून वहीत पाण्याचा जोर लिहिणार!

"बघतो," ते म्हणाले. "काचेचे तीन आठवडे पुरे होऊ देत."

दुपारी ती बाजारात गेली. साहेब काचेसमोर उभे राहिले. काच धड होती. राहणारच होती. त्यांनी पेनाचं मागचं टोक तिच्या मधोमध टेकवलं आणि दाबलं. एवढासा आवाज झाला.

चौतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं हो त्यांनी. बिल्डरांनी लाच देऊ केली, पुढाऱ्यांनी दम दिला, तरी एका काचेला खोटं बोलायला लावलं नव्हतं. पण मत्सर भरला की माणूस आपल्याच हाताने आपलं घर पेटवतो, आणि वर म्हणतो थंडी वाजत होती. त्यांचा हिशेब साधा होता. बायको हळहळेल, मग गावाच्या दुसऱ्या टोकाला घर बघू, जिथे खाली कोणी नसेल. खाली कोण आहे याचा विचार त्यांनी एवढाच केला होता.

बायको आली. पिशवी ठेवली. तिची नजर भिंतीवर गेली.

"म्हणजे... हलतंय?"

"हलतंय," साहेब म्हणाले.

तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. वळली आणि जिना उतरायला लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"कुठे म्हणजे? तो माणूस खाली झोपतो!"

साहेब जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. खालून तिचा आवाज आला, न्हाव्याचा आला, मग जड सामान ओढल्याचा आला. ते खाली उतरले तेव्हा आरसे गल्लीत आले होते. भाजीवाली कात्र्यांचा डबा घेऊन चालली होती. दोन गिऱ्हाईकं मोठी खुर्ची जमिनीपासून सोडवत होती, आणि न्हावी अर्ध्या भादरलेल्या तिसऱ्याला टॉवेलसकट रस्त्यावर नेत होता.

"अगं, एवढी घाई नको," साहेब पुटपुटले. "मी परत एकदा बघतो. काच जुनी होती, कधी कधी..."

"तुम्ही उगाच त्यांना धीर द्यायला बोलू नका," बायको म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "तुमचं कधी चुकलंय? मी सांगितलंय सगळ्यांना. ते तीन मजली घर, तिसऱ्या दिवशी पडलेलं. रोज सांगते त्यांना एकेक. काल तेच तर हसत होते, दादा म्हणाला, एवढा मोठा माणूस माझ्या खुर्चीत बसलाय, माझी खुर्ची पास होते की नापास!"

साहेबांना आता कळलं. खाली बाकावर बसून ती त्यांच्याच गोष्टी सांगत होती. ती मोडक्यातोडक्या भाषेत सांगत होती, आणि हे वर बसून जळत होते!

तेवढ्यात न्हावी आला. त्याचे डोळे लाल होते. ज्या घरात त्याची बायको वारली, त्या घराला त्याने कुलूप लावलं होतं. किल्ली त्याने साहेबांच्या तळहातावर ठेवली, सरकारी माणसाला द्यावी तशी, आणि दोन्ही हातांनी तो हात घट्ट धरून काही बोलला. यातलं साहेबांना समजलं. आभार मानायचं वाक्य पहिल्याच पाठात होतं.

"मी मोडली," साहेब म्हणाले.

"काय?" बायकोने विचारलं.

"काच. भिंत हललेली नाही. मी मोडली, पेनाने."

"कशाला?"

"जळलो मी. तू इथे हसतेस. सगळ्या गावाशी बोलतेस. तुझा तो आवाज... तो मला नाही ऐकवत तू, याला ऐकवतेस. मला सहन झालं नाही. वाटलं, दुसरीकडे घर घेऊ. हा एवढं सगळं बाहेर काढेल हे नाही आलं गं डोक्यात."

लग्नाच्या बायकोने नवऱ्याला शिव्या घातल्या असत्या, आदळआपट केली असती, तर साहेबांना बरं वाटलं असतं. तिने तसलं काही केलं नाही. ती न्हाव्याकडे वळली, आणि एक्स्चेंजमधल्यासारखं, आपलं काही न मिसळता, इकडचं तिकडे जोडून दिलं. हाताने पेन धरल्यासारखं केलं, दाबल्यासारखं केलं. शेवटी साहेबांच्या छातीकडे बोट दाखवून एक शब्द बोलली. गल्लीत ऐकणाऱ्यांपैकी एक बाई 'अगाई' म्हटल्यासारखं काहीतरी म्हणाली. काही काही आवाज सगळ्या भाषांत सारखेच असतात.

न्हाव्याने साहेबांच्या हातातली किल्ली उचलून घेतली. साहेबांकडे न बघता तिला वरच्या भिंतीकडे हात करून एकच विचारलं.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, मग आता भिंत धड आहे का."

"आहे! ठणठणीत आहे. शंभर वर्षं काही होत नाही तिला. सांग त्याला, माझा शब्द आहे म्हणून सांग."

ती न्हाव्याशी बोलली. बरंच बोलली. त्याने मान हलवली, किल्ली खिशात टाकली आणि रस्त्यातल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

"सांगितलंस?" साहेबांनी विचारलं. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, आजच्या दिवस शेजारी झोपा. उद्या दुसरा कोणीतरी माहितगार बोलवा, त्याला भिंत दाखवा, आणि तो हो म्हणाला तरच सामान आत न्या."

"अगं, पण मी सांगतोय ना, धड आहे!"

"दुपारी तुम्हीच सांगितलंत, हलतंय," ती म्हणाली, आणि आरशाचं दुसरं टोक धरायला गेली.