मागे कलंडलेली सीट

त्या शेवटच्या साध्या सकाळी बाबा आपल्या जुन्या गाडीत बसले आणि ड्रायव्हरची सीट मागे कलंडली. "वजन वाढलंय गं माझं," ते हसून म्हणाले आणि दिवसभर बिनसाखरेचा चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते झोपेतच गेले.

महिन्याभराने मी गाडी वेल्डरकाकांकडे नेली. त्यांनी सीट बाहेर काढली. ती ज्या पट्टीवर बसवलेली असते, ती पट्टी पुढच्या बाजूने फाटली होती.

"बाबा म्हणाले, वजनाने मोडली," मी सांगितलं.

"वजनाने पट्टी खाली दबते, ताई. ही वर उचकटलीय. रिव्हर्स घेताना गाडी जोरात आदळलीय कुठेतरी. शेंबडं पोरही सांगेल."

मला ते ठाऊकच होतं. सीट कलंडली त्याच्या आदल्या संध्याकाळी न विचारता गाडी काढून, मागे घेताना मीच ती भिंतीला ठोकली होती. पण बाबांनी चाळीस वर्षं पत्र्याचंच काम केलेलं. त्यांना हे दिसलं नसेल? आणि दिसलं असेल, तर मग साखर का सोडली? त्या दिवसाचा एकेक कप आठवून पाहिला, तरी मला काही उलगडेना.

"त्यांनीच ठोकली असणार," काका मशीन जोडत हसले. "म्हातारी माणसं कबूल करतात होय?"

"नाही काका, मी ठोकली."

मग गाडीतल्या त्या मोकळ्या जागेकडे बघत मी पुन्हा म्हणाले, "बाबा, मी ठोकली."