रेडिओचा फ्यूज

मित्रांनो, आमच्या सुरेनचं वागणं मला मुळीच पटत नाही. माझ्या सिगारेट पेटवायच्या भोकात त्याने एक इन्व्हर्टर खोचला आणि दिसेल ती वस्तू त्याला जोडत सुटला. मी एक जुनी जीप आहे, कालिम्पोंगची. माझ्या तारा माझ्यापुरत्या. त्यांच्यावर कोणी स्वयंपाकघर मांडायचं नसतं.

त्याचे वडील पासाङ तामाङ यांनी मला तरुणपणापासून चालवलं. सकाळी काच पुसताना ते माझ्याशी बोलत. मग त्यांना दम्याने धरलं आणि ते स्टीअरिंगवरून उतरले. तेव्हापासून माझ्याशी कोणी बोललेलं नाही. सुरेन बोलतो तो फोनशी.

त्या दिवशी पासाङना सिलिगुडीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यांचं दम्याचं औषध देणारं वाफेचं यंत्र इन्व्हर्टरवर चालू होतं. तेवढा भार मी मुकाट्याने सोसत होते. तिस्ता नदीच्या काठी दरड पडली, गाड्या खोळंबल्या आणि सुरेनला चहाची तल्लफ आली. त्याने छोटी किटलीही लावली. यंत्र आणि किटली, दोन्हींचा भार तारेला झेपेना. ती पेटण्याआधी फ्यूज जळाला. त्याचं कामच ते. पण वाफेचं यंत्रही बंद पडलं.

"आपा, तुमची ही म्हातारी जीप साधा चहा करू देत नाही," सुरेन बापाला हसत म्हणाला. मग मागे वळून बापाचे निळे पडलेले ओठ बघितले आणि त्याचं हसू गेलं.

जवळ नवा फ्यूज नव्हता. त्याने जळालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळला. किटली तशीच लावलेली. मित्रांनो, मी घाबरले. तो कागद फ्यूजसारखा वेळेवर जळून तुटत नाही. मग तार पेटते, आणि आत तर पासाङ होते.

पासाङनी लेकाचं मनगट धरलं. दम नव्हता, तरी बोलले, "किटली काढ. रेडिओचा फ्यूज लाव."

दोन्ही फ्यूज एकाच ताकदीचे. सुरेनने किटली काढून तो बसवला आणि यंत्र पुन्हा घरघरू लागलं. सिलिगुडीपर्यंत मी तेवढाच आवाज ऐकत उतरले.

पासाङ अजून तिथेच खाटेवर आहेत. मी दवाखान्याच्या भिंतीला लागून एकटी उभी असते. सुरेन माझ्यात येऊन नुसता बसतो. मित्रांनो, गाडीला काही जोडण्याआधी तिला किती झेपतं ते बघा. फ्यूज जळाला तर तो का जळाला ते आधी शोधा.

माझं बोलणं सुरेनला ऐकू जात नाही, तरी मी त्याला मोठ्याने सांगते, "चालवायचा हात तुझ्या बापाचाच आहे, वळणावर कळतं मला. कान मात्र त्यांचा नाही. ते बरे होईपर्यंत चालव. मालक म्हणून मी तुला अजून घेतलेलं नाही."