टिचकी नव्हे, कडी

२००७ सालचा ऑक्टोबर, शुक्रवार, दुपारचे साडेतीन. महाडच्या बाजारपेठेमागच्या आळीत नासिरभाईंच्या घराचा वरचा मजला. खिडकीजवळ कॉम्प्युटर सुरू, समोर त्यांची बायको नुरजहाँ एकटी. त्या मिनिटाला टेलिफोनची लाइन मेली.

मी एक डेस्कटॉप थीम बोलतेय. कॉम्प्युटर म्हणजे मी नव्हे, तो चालवणारी लिनक्स प्रणालीही मी नव्हे. पडद्यावर दिसणारे रंग, चित्रं, अक्षरांचा आकार, ते सगळं मी. लोक मला सजावट म्हणतात. या घरात मी सजावट नव्हते, एवढं ठणकावून सांगते.

माझा जन्म कुठल्या तरी परमुलखात झाला. मला बनवणाऱ्याने मला इंटरनेटवर ठेवलं आणि सोबत लिहिलं: घ्या, बदला, वाटा. नासिरभाईंची मुलगी आफिया कॉलेजात शिकत होती. तिने मला उतरवून घेतलं, गाठोडं सोडलं आणि सेटिंगच्या खिडकीत नेऊन टाकलं. तेव्हा मी काळीकुट्ट होते. मोठी रुबाबदार समजत होते स्वतःला.

"हे काय गो?" नुरजहाँ म्हणाली. "मयतीच्या घरासारखं. दिवा तरी लाव."

झालं, माझा रुबाब तिथेच संपला. आफियाने मला फिकट पिवळा रंग दिला, मराठी अक्षरं बोटभर मोठी केली. नुरजहाँ चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर जोडून वाचायची.

हा खटाटोप कशासाठी, ते ऐका. नासिरभाई कुवेतमध्ये नोकरीला होते. दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की, ते इंटरनेटवरून घरी बोलायचे. कॉम्प्युटर सुरू करायचा त्यांचा धाकटा भाऊ तौकीर. सुरू करून तो उठायचा नाही. खुर्ची ओढून वहिनीशेजारी बसायचा, मध्येच बोलायचा, हसायचा. माणूस वाईट नव्हता. नवरा-बायकोला एकमेकांशी काही खाजगी बोलायचं असेल, एवढंच त्याला कधी सुचलं नाही. ते सुचायला काय पदवी लागते?

महिनाअखेर नासिरभाईंचा करार संपत होता. आणखी दोन वर्षांसाठी सही करायची, की घरी परतायचं? नुरजहाँला एकच शब्द सांगायचा होता: या. दिरासमोर नवऱ्याला 'या' कसं म्हणणार? चार शुक्रवार ती तब्येतीचं विचारून उठली. ते आफियाने पाहिलं, आणि आईला एकटीने बोलता यावं म्हणून ती माझ्या मागे लागली.

तौकीरला कळलं तेव्हा तो जिन्यातूनच ओरडला, "भाबी आता उंदीर पकडणार म्हणे!"

"पकडीन," नुरजहाँ म्हणाली. "तुम्ही तेवढं बोक्यासारखं बाजूला बसू नका."

पडद्याच्या मधोमध आफियाने अब्बांचा फोटो लावला. त्यावर बाण नेला की खाली अक्षरं उमटत. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी क्लिकला टिचकी म्हटलं होतं. तोच शब्द तिने घेतला. नुरजहाँने सावकाश वाचलं: "अब्बांशी बोलायला दोनदा टिचकी मारा."

तिने माऊसवरचा हात काढून घेतला. डोक्यावर पदर ओढला.

"तुझ्या अब्बाला टिचकी मारू? ती पन दोनदा?"

"अम्मा, फोटोला गं! त्यांना नाही."

"फोटो कोनाचा हाय? मी नाय मारायची."

आफिया हसली, चिडली, समजावून दमली. नुरजहाँ ढिम्म. शेवटी तीच म्हणाली, "आपल्या दाराचा फोटो लाव. तुझे अब्बा ट्रकवर होते ना, कशेडी घाटातून रातबेरात उतरून यायचे, तवा कडी दोनदा वाजवायचे. आता मी वाजवते."

मैत्रिणीचा कॅमेरा आणून आफियाने दाराचा फोटो काढला, कडेची भिंत कापली आणि जुन्या चित्राच्या जागी ठेवला. घाईत फोटोच्या फाइलच्या नावात एक अक्षर चुकलं आणि दाराऐवजी कोरा कागद दिसू लागला. "दार कुठं गेलं? चोर घेऊन गेले?" नुरजहाँने विचारलं. नाव सुधारलं, दार परत आलं. खालचा मजकूरही बदलला: "कडी दोनदा वाजवा."

जगात माझ्या हजारो प्रती असतील. कडी मला एकटीलाच आहे.

त्या शुक्रवारी आफिया कॉलेजात, तौकीर नाते गावाला गेलेला. नुरजहाँने नवी ओढणी घेतली, खोलीचं दार बंद केलं आणि पडद्यावरची कडी दोनदा वाजवली. पलीकडून आवाज आला, "तौकीर?"

"मी हाय."

"एकटी?"

"एकटी."

मग नासिरभाई म्हणाले, "बोल ना, नूर." तिने माइक दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "या."

त्याच क्षणी लाइन मेली. चौकात गटारासाठी खड्डा खणत होते आणि खोदणाऱ्या यंत्राने केबल तोडली. तो शब्द पलीकडे पोचला की नाही, मला ठाऊक नाही. तिने कडी पुन्हा वाजवली. पुन्हा वाजवली.

घरचा फोनही त्याच लाइनवर. उरला तौकीरचा मोबाइल. संध्याकाळी त्यावर नासिरभाईंचा फोन आला. सासू, नणंदा, शेजारी, सगळे बसलेले. तौकीरने आवाज मोठा केला. "भाबी, भाई विचारतायत, तुम्ही काय म्हणत होता?"

नुरजहाँने सगळ्यांकडे पाहिलं.

"काय नाय," ती म्हणाली. "तब्येत सांभाळा."

महिनाअखेर नासिरभाईंनी सही केली.

आफिया तक्रार घेऊन टेलिफोनवाल्यांकडे गेली. ते म्हणाले, केबल आम्ही नाही तोडली. खड्डा खणणारा ठेकेदार म्हणाला, खाली केबल आहे हे आम्हाला कोणी सांगितलं? गटाराचं काम ज्यांचं, ते म्हणाले, ठेकेदाराला विचारा. मी नुसती थीम आहे, मला विचारायचा अधिकार नाही. तुम्हाला आहे. तुम्ही विचारा.

लाइन अजून बंद आहे. शुक्रवारी नुरजहाँ येते, पडद्यावरची धूळ पुसते आणि दाराकडे बघत बसते. चौकातला खड्डा बुजवून झाला, वर डांबरही पडलं. केबल न जोडताच तो बुजवायला कोणी सांगितलं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.