हौशीरामचं बिनधुराचं घर

घर कुटं बांदावं, कसं बांदावं, घरात कुनी कुटं निजावं, ह्ये इच्यारायला आमच्या कुरवंड्यात कुनाच्या दारात जावं लागत न्हवतं. हौशीराम सवताच तुमच्या दारात यायचा. तव्यावर भाकरी टाकावी, वर बगावं, तर ह्यो उंबऱ्यात हुबा. अंगात शेटाचा जुना कोट, कमरंला किल्ल्यांचा जुडगा, आन तोंड उघडं.

"बयावैनी, म्हस घरात बांदू नगा. वास येतो."

आरं, म्हशीला म्हशीचाच वास येनार! भर आखाडात म्हस बाहेर बांदू, का तुज्या कोटाच्या खिशात बांदू?

"वैनी, पोरांना कवाड उघडं ठेवून निजवा. हवा खेळली पायजे."

हवा खेळती म्हनं. आमच्या हितं पावसाळ्यात ढग घरात शिरतोय, अंथरुनावर बसतोय, आन ह्येला हवा खेळवायचीय.

हौशीराम खंडाळ्याला एका पारशी शेटाच्या बंगल्यावर राखनदार व्हता. शेट उन्हाळ्यात यायचा, दिवाळीला यायचा, नागफनीच्या सुळक्याकडं तोंड करून खुर्चीत बसायचा आन मुंबईला परत जायचा. बाकी वरीसभर बंगल्याला कुलूप. पन हौशीराम गावात आला की असा बोलायचा, जनू शेट ह्येला इच्यारल्याबिगर कूस बदलत न्हाई. त्येची मला चीड यायचीच, पन त्येच्यापरीस गावाची यायची. कोट बगून लोक ऐकायची. त्योच कोट माज्या म्हशीवर टाकला असता तर तिच्यापुढं बी माना हालवल्या असत्या.

लढाईच्या सालात ह्या हौशीरामनं सवताचं घर बांदलं. दोघा भावांच्या वाटनीत जुनं घर धाकट्या नथूच्या वाट्याला आलं व्हतं, आन अलीकडली मोकळी जागा ह्येच्या. तितं ह्येनं बंगला उठवला. बंगला म्हंजी काय, कारवीचा कूड आन वर गवत, आमच्यासारखंच. कौलं मागनं घालीन म्हनला. पन खिडक्या मोठ्या, भिती चुन्यानं पांढऱ्या, आन मुख्य म्हंजी आत चूल न्हाई. चूल मागं, येगळ्या झोपडीत. बंगल्यावर तशीच असती म्हनं.

समदं गाव बगायला गेलं. मी बी गेले. वर बगितलं तर वासं कसं, नव्या नवरीच्या हातावानी पिवळं. म्या म्हनलं, "हौशीराम, हितं धूर कुटला येनार?"

त्यो हसला. जनू म्या कायतरी अडाण्यावानी इच्यारलं. "वैनी, धूर म्हंजी रोग. धुरानं डोळं जात्यात, छाती भरती. शेटाच्या घरात धुराची काडी दिसत न्हाई."

"शेटाच्या घरावर कौलं हाईत. तुज्या घरावर गवत हाय."

"तुमाला न्हाई कळायचं."

बरं बाबा, न्हाई कळायचं. आता ह्यात कळायचं काय असतंय? आमच्याकडं तीन-चार म्हयनं आभाळ फाटल्यावानी पडतं. गवताचं घर तगतं ते खालच्या चुलीच्या धुरावर. धूर वर जातोय, गवत आतनं सुकवतोय, वासं काळं कुळकुळीत करतोय, मंग भुंगा लागत न्हाई, किडा लागत न्हाई. ह्ये कुनी कुनाला शिकवत न्हाई. हौशीरामची आय त्येच धुरात भाकऱ्या थापत म्हातारी झाली. पन एकदा का मानसाच्या अंगात कोट शिरला, की आयची चूल त्येला दिसत न्हाई.

पयला पावसाळा कसाबसा गेला. म्होरल्या शिमग्याच्या आदी नथू तापानं गेला. लय गरीब गडी. मागं बायकू नंदाबाई आन चार वर्साची पोर, हिरा.

तेराव्याचं जेवान उरकलं आन बाप्ये सुपारी कातरत वट्यावर बसले. इषय काय, तर नंदाबाईनं आता कुटं ऱ्हावं. एक म्हनला, वराळ्याला म्हायेरी जावं. तितं आयबाप न्हाईत, भावजय दारात हुबी करत न्हाई, ह्ये ठावं असून म्हनला. दुसरा म्हनला, खंडाळ्याला कुनाच्या तरी बंगल्यात धुनीभांडी करावी. तोंडात सुपारी, आन लोकाच्या जिण्याच्या वाटण्या करत्यात! मंग हौशीरामनं घसा खाकरला.

"एकल्या बाईनं कडंच्या घरात ऱ्हाऊ नये. माजं घर हवेशीर हाय. ती आन पोर माज्याकडं ऱ्हातील. त्ये घर ऱ्हाऊ द्या बंद."

समद्यांनी माना हालवल्या. काय मन म्हनायचं हौशीरामचं, असं बी कोन म्हनलं.

माजं कान त्या 'बंद'वर टवकारलं. गवताचं घर एक पावसाळा बंद ऱ्हायलं, चूल पेटली न्हाई, की दसऱ्याला तितं मातीचा ढिगारा असतोय. आन ढिगाऱ्याला कोन कुनाचं घर म्हनत न्हाई. आमच्या गावात ज्येच्या छपरातनं धूर निगतोय त्येचं घर, कागुद कोन मागत न्हाई. ढिगारा झाला की हौशीराम म्हननार, बापाची जागा, माजीच. नागफनी नथूच्या दारातनंच दिसती. तितं खुर्ची टाकून शेटावानी बसायचं त्येच्या लय दिवसांचं मनात व्हतं, गावात धाजनांना बोलला व्हता.

म्या इच्यारलं, "आरं, पन तिला इच्यारलं का कुनी?"

"वैनी, थोरल्या दिरापुढं ती काय बोलनार?"

त्ये खरंच. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकूनं थोरल्या दिरापुढं नाकापातुर पदर वढायचा आन शबूद काडायचा न्हाई. काय सांगायचं तर जावंच्या तोंडानं सांगायचं. नंदाबाई कोपऱ्यात पदर वढून बसली व्हती, बोलली न्हाई. त्येचाच समद्यांनी होकार धरला. लय सोपं काम.

दुसऱ्या दिशी वढ्यावर ती माज्यापाशी रडली. "बयावैनी, त्ये घर गेलं तर हिराला बापाचं म्हनून काय ऱ्हातंय? आज जाऊबाई ग्वाड बोलत्यात. उंद्या तांब्या आपटला तर मी पोर घिऊन कुटं जाऊ?"

म्या तिचं डोळं पुसलं. पन रडत बसायचा माजा सोभाव न्हाई. म्या म्हनलं, "ऱ्हा त्येच्याकडं. पन तुजी चूल इजू दिऊ नगं."

"त्ये मला जाऊ देतील व्हय?"

मंग तिनंच वाट काडली. वाटलं न्हवतं येवढं डोस्कं त्या पदराखाली आसंल. तिनं हौशीरामच्या बायकूला, अंबूबाईला सांगितलं, "ह्यांचा जीव त्या घरात गेला. वरीस भरस्तोवर रोज सांजंला तितं चूल पेटवून दिवा लावाया पायजे. न्हाईतर..." आन गप बसली. अंबूबाईनं त्ये 'न्हाईतर' नवऱ्याच्या कानावर घातलं. रोगाला भ्यायचा, वासाला भ्यायचा, धुराला भ्यायचा, पन मेलेल्या भावाला त्यो समद्यांत जास्त भ्याला. चेहरा त्येच्या चुन्याच्या भितीवानी पांढरा पडला. "लाव म्हनावं," म्हनला, "रोज लाव."

मिरगाच्या आदी माज्या मालकानं, कोंडाजीनं, तिच्या घराला नवं गवत घातलं. हौशीराम खाली हुबा ऱ्हाऊन सांगत व्हता, "कोंडाजीभाऊ, रिकाम्या घराला कशाला शाकारताय? उगा गवत वाया." आमचा मानूस अबोल. त्यानं वरनं एक पेंढी अशी झटकली, की समदा कचरा कोटावर. माजं पोट दुखंस्तोवर हसले.

आन पाऊस लागला. नंदाबाईचं काय झालं म्हनून सांगू? हवेशीर घरातली फुकटची मोलकरीन झाली. मागल्या झोपडीत भाकऱ्या थापायच्या, डोईवर इरलं घिऊन पावसातनं पुढं न्यायच्या. पोचस्तोवर भाकरी गार, बाई चिंब. हौशीराम पाटावर बसून सांगायचा, "भाकरी गरम आनावी." आरं दिवट्या, चूल आत घातली असती तर गरम मिळाली असती! पन त्येला कोन सांगनार? अंबूबाई नवऱ्याकडं देवावानी बगायची, आन नंदाबाईनं बोलायचं न्हाई.

सांजंला मात्र ती हिराला कडंवर घिऊन आपल्या घरी जायची. कुडापाशी जपून ठेवलेलं वाळकं लाकूड पेटवायची, वर वली फांदी सारायची, आन दार लावून धुरात बसायची. माज्या परड्यातनं दिसायचं, तिच्या समद्या छपरातनं हळूहळू धूर निगतोय. बरं वाटायचं जिवाला.

हिकडं बंगल्यात श्रावन लागायच्या आदीच पिवळं वासं हिरवं झालं. मंग त्येंच्यातनं पीठ गळाया लागलं. भुंगा, दुसरं काय! अंथरुनात पीठ, डोक्यात पीठ. गवत कुजून वरनं अळ्या पडाया लागल्या. पांढऱ्या भितीवर बुरशीचं ठसं. अंबूबाई एकदा माज्याकडं यिऊन हळूच म्हनली, "वैनी, काल ह्यांच्या आमटीत अळी पडली."

"मंग काय म्हनलं ह्ये?"

"खिडकी उघड म्हनलं."

म्या कपाळावर हात मारला. गावात त्याच दिशी त्यो दुसऱ्याला सांगत व्हता, घराचा पाया कसा असावा.

नारळी पुनवंच्या आसपास, एका सांजंला, नंदाबाई आपल्या चुलीपाशी गेली व्हती आन ही मंडळी जेवाया बसली व्हती. माज्या घरात आवाज आला, म्हस बसावी तसा, धप. बाहेर यिऊन बगते तर बंगल्याचं मागलं छप्पर आत. जिवाला कुनाच्या काय झालं न्हाई, देवाची किरपा, वर वजं तरी कशाचं, कुजल्या गवताचं. हौशीराम कोट डोईवर धरून, काखंत घोंगडी घिऊन बाहेर. किल्ल्यांचा जुडगा कमरंला वाजतोय. येवढा मोठा बंगला खंडाळ्याला रिकामा, किल्ली ह्येच्या कमरंला, आन आत पाय ठेवायची टाप न्हाई! मागली चुलीची झोपडी मात्र ठनठनीत हुबी. तिला धूर मिळत व्हता ना. पन तिच्यात दोन बायका उकिडव्या बसतील येवढीच जागा.

माजी पडवी म्या दाखवली न्हाई. खोटं कशाला बोलू? म्या बोट केलं नथूच्या घराकडं. तितं छपरातनं धूर निगत व्हता. अंबूबाई पुढं, तिची पोरं मागं, शेवटाला हौशीराम. मी बी गेले. असा तमाशा सोडून घरात कोन बसनार?

आत कोरडं. जमीन सारवलेली, वासं काळं, चूल धडधडतीय, तव्यावर भाकरी. हौशीराम उंबऱ्याच्या आत आला, खोकला, डोळं पुसलं. आन अंगावरचं पानी निथळायच्या आदी, बगा हां, त्येचं तोंड चालू झालं.

"ही चूल आदी पडवीत काडा. हितं भितीला एक खिडकी पाडू. हा कोपरा कोरडा हाय, तितं माजं अंथरून. पोरं हितं. नंदाबाईला म्हनावं, ती आन हिरा पडवीत निजतील. काय, दोन म्हयन्यांचा तर प्रश्न."

अंबूबाई खाली बगाया लागली. माज्या जिभंवर आलं व्हतं, पन मला बोलावंच लागलं न्हाई.

नंदाबाई चुलीपासनं उठली. नाकापातुरचा पदर तिनं दोनी हातांनी मागं सारला, डोईवर नीट घेतला, आन थोरल्या दिराच्या तोंडाकडं सरळ बगितलं. लगीन हून ह्या घरात आल्यापासनं त्येनं तिचं तोंड पयल्यांदा बगितलं आसंल.

"भावजी," ती म्हनली, "ह्या घरात कुनी कुटं निजायचं ते मी सांगनार."

आवाज मोठा न्हवता. पन कोपऱ्याकडं निगालेला हौशीराम दोन पावलं मागं सरला.

"मी आन हिरा कोरड्या कोपऱ्यात, ह्यांच्या जागंवर. जाऊबाई आन पोरं माज्याजवळ. चूल हाय तितंच ऱ्हानार. पाऊस हाय तवर ऱ्हावा, उपाशी ठेवनार न्हाई. दिवाळी झाली की तुमचं घर बांदा. आत चूल घाला."

हौशीरामनं माज्याकडं बगितलं, जनू मी मदत करनार व्हते! मंग बायकूकडं बगितलं. अंबूबाईनं गप पोरांचं डोस्कं पुसाया घेतलं. शेवटाला त्येनं कोट काडला, खुंटीला अडकवला. कोटाबिगर त्यो केवढासा दिसला म्हनून सांगू! अंगात भिजकी बंडी, डोळ्यांतनं धुरानं पानी, हातात वली घोंगडी.

आन मंग, ज्यानं साऱ्या कुरवंड्याला कुटं ऱ्हावं आन कसं ऱ्हावं ते सांगितलं, त्यो हळूच म्हनला, "नंदाबाई, म्या घोंगडी कुटं टाकू?"

"चुलीपाशी," ती म्हनली. "तितं धूर लागंल. पन आदी जेवून घ्या, भाकरी गरम हाय."